गारा पडल्या त्या चैत्रात

माझं माहेर सोलापूरचं, शुक्रवार पेठेतलं. लग्न होऊन मी मोडनिंबजवळच्या वस्तीवर आले तेव्हा मला शेळी पान्हावते म्हणजे काय करते, हेही ठाऊक नव्हतं. ते सगळं मला थोरल्या जावेनं शिकवलं. ती अक्कलकोटकडची. घरात मराठी चालायची, पण चुलीपाशी दोघीच असलो की आम्ही कानडीत बोलायचो. मी तिला अक्का म्हणे, ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. तीन शेळ्या होत्या आणि त्यांच्यात तिचा जीव होता.

माझं ते तिथलं तिसरं वर्ष. पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. ज्वारी घरात आली होती, रानं मोकळी पडली होती. शेळ्या दुपारच्या ओढ्याकाठच्या कडुलिंबाखाली बांधलेल्या असत आणि ऊन कललं की त्यांना घरी आणायचं काम माझं. त्या दिवशी मी माजघरात सारवलेल्या जमिनीवर आडवी झाले होते. अक्का दारात येऊन उभी राहिली.

"उठतीस का?"

"डोकं दुखतंय, अक्का."

"मग पड जरा. आज मी जाती की."

डोकं दुखत नव्हतं. आळस आला होता, एवढंच. तिनं रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

थोड्या वेळानं घरात एकदम अंधारलं. वारा सुटला, धूळ उडाली, दार आपटलं. आधी बोरांएवढ्या गारा पडल्या, मग लिंबाएवढ्या. गोठ्याच्या पत्र्यावर असा आवाज होत होता की सासूबाई शेजारी उभ्या राहून ओरडत होत्या आणि मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मामंजी दोनदा घोंगडं घेऊन बाहेर पडले आणि दोनदा मागे आले. थांबलं तेव्हा रान ओढ्यापर्यंत पांढरं झालं होतं. अंगणात कैऱ्यांचा आणि पाल्याचा खच होता, त्यात पोपट मरून पडले होते. मी ओढ्याकडे पळाले. पायाखाली गारा सरकत होत्या, तळवे बधिर झाले होते.

लिंबाला एक पान उरलं नव्हतं. खाली दोन शेळ्या मरून पडलेल्या, तिसरी, करडांची आई, बुंध्याला अंग चिकटवून उभी. अक्का बुंध्याशी पाटी पालथी घालून तिला कवटाळून बसली होती. पाटीखाली आठवड्याची दोन करडं होती. तिच्या डोक्यावर नुसता पदर, तोही रक्तानं भिजलेला.

मामंजी आणि अक्काचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, यांनी तिला उचलून घरी आणलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "करडं?"

"हायेत. दोनी हायेत," मामंजी म्हणाले.

जखमेवर हळद भरली, शेक दिला. डॉक्टर आणायला बैलगाडी बार्शीला निघाली, पण ओढ्याला पाणी आलं होतं, ती दुसऱ्या दिवशी पलीकडे गेली. गारा पडल्या त्या संध्याकाळी मी अक्काच्या उशाशी बसले होते. तिनं डोळे उघडले आणि हळूच कानडीत विचारलं, "तंगी, तुझं डोकं थांबलं का?"

मी म्हटलं, "थांबलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टर यायच्या आतच, ती गेली. आमच्यात माती देतात. पुरुषमंडळी परत आल्यावर दीर भिंतीला टेकून बसले आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "खणायला काय बी लागलं न्हाय. माती मऊच हुती." एरवी चैत्रात तिथं पहारेशिवाय भागत नाही.

तिच्या जागी मी जायची होते, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सासूबाई उलट म्हणायच्या, "तुला बरं नव्हतं म्हणून तू वाचलीस." ते ऐकून मी उठून गोठ्यात जाई.

पंधरा-वीस दिवसांत लिंब फुटला. आधी तांबूस, मग पोपटी, इतका दाट की जणू काही झालंच नव्हतं. मला त्या झाडाकडे बघवेना. एकदा मी मामंजींना म्हणाले, "इतक्या लवकर कसा फुटला तो?"

त्यांनी झाडाकडे पाहिलं. "त्याला काय ठावं, पोरी," म्हणाले. "मुळं खाली वली हायेत."

करडं वाढत होती, अंगणात उड्या मारत होती. वाचलेली शेळी मात्र मला धार काढू देईना. करडांना पाजायची, पण मी हात लावला की दूध चोरायची, लाथ मारायची. शेवटी सासूबाईंनी अक्काचं एक जुनं, न धुतलेलं लुगडं काढून दिलं. "हे नेसून बस." मी नेसले. शेळीनं पदर हुंगला, कान पाडले आणि पान्हा सोडला. महिनाभर मी रोज सकाळी ते लुगडं नेसून धार काढली. धुतलं नाही.

मृग लागला त्या सुमारास एका सकाळी मी घाईत होते. चूल पेटवून तशीच, माझ्या स्वतःच्या लुगड्यात गोठ्यात गेले आणि बसले. शेळीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हात हुंगला आणि रवंथ करत शांत उभी राहिली. चरवी भरत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज मी अक्काचं लुगडं नेसलेच नव्हते.

अक्का गेली त्या दिवशी मी घर सांभाळत होते, पाहुण्यांचं बघत होते. रडले ती त्या सकाळी, शेळीच्या अंगाला डोकं टेकून. ती हलली नाही.