गाडी झोपते कधी

गोडादऱ्यात वाल्मिक पाटलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पारोळ्याहून आल्यावर आधी पंधरा वर्षं कापडाच्या यंत्रमागावर होते. त्या खडखडाटात कान गेले. मग बॉनेटवर तळहात टेकवून इंजिन चालू की बंद ते ओळखायला शिकले.

उन्हाळ्यात एका सकाळी कामरेजची गुरांची डॉक्टर वृषाली नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर लसींचा छोटा फ्रिज. कुणीतरी त्याची वायर थेट गाडीच्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला जोडली होती. उभ्या गाडीत फ्रिज चालत राहिला, बॅटरी उतरली आणि रिमोटनं दारसुद्धा उघडेना.

"काका, गाडी चालू असेल तेव्हाच फ्रिजला करंट पाहिजे. उभी असताना आतला बर्फ पुरतो," ती समोर उभी राहून ओठ सावकाश हलवत म्हणाली.

"पण खाली ती मोठी बॅटरी आहे ना, डॉक्टरबेन?"

"तिला जागं करायलाही ही छोटीच लागते."

वाल्मिक बघतच राहिले. अख्खी गाडी पळवणारी ताकद, आणि तिला उठवणारी ही एवढीशी!

मोठ्या बॅटरीच्या जाड नारिंगी केबलींच्या वाटेला ते गेलेच नाहीत. डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स उघडला. वृषालीनं गाडी चालू केली. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. काही नाही. पुन्हा ठेवला.

"चालू आहे?"

"आहे. मलाही काही ऐकू येत नाहीये, काका."

दोघं हसले.

मीटरवर मात्र चौदा व्होल्ट दिसत होते. गाडी बंद केल्यावर बारा झाले, पण शून्य काही होईना. गाडीबरोबर बंद होणारा फ्यूज शोधत एकेक तपासला, सगळे जिवंत. दुपार टळली. मग त्यांच्या डोक्यात आलं, दार उघडं, आत माणूस बसलेला. गाडी झोपेल कशी?

त्यांनी मीटर एका फ्यूजला लावून डॅशबोर्डवर ठेवला. वृषालीनं गाडी लॉक केली आणि किल्ली घेऊन ती रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे गेली. वाल्मिक काचेला नाक लावून उभे. पाच मिनिटं. सात. आकडा एकदम शून्यावर आला.

"माय वं!"

त्यांनी हात हलवून तिला बोलावलं. किल्ली पर्समध्येच होती. ती जवळ आली, दाराला हात लागायच्या आत मीटरवर बारा उमटले. गायीनं धन्याची चाहूल ओळखावी तसं.

मग रिले बसवला. त्या फ्यूजनं फक्त इशारा द्यायचा, फ्रिजला करंट छोट्या बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून जायचा. संध्याकाळी गाडी लॉक करून पाहिली. थोड्या वेळानं फ्रिजचा दिवा आपोआप मालवला.

घरी जेवताना ते बायकोला, कविताबाईंना म्हणाले, "गाडीले समजस, माणूस दूर गया का जवय उना."

कविताबाईंनी ताटाकडे बोट दाखवलं. भाकरी केव्हाची गार झाली होती.

त्यानंतर अशा चार गाड्या आल्या. कुठे काय शोधायचं ते आता वाल्मिकांना ठाऊक आहे. तरी दरवेळी लॉक केलेल्या गाडीच्या काचेशी ते उभे राहतात, आणि गिऱ्हाईक घाई करू लागलं की हातानं त्याला थांबवतात.