पुराव्याच्या पाकिटातली गोळी

संगमनेरच्या कचेरीबाहेर रंभाजी पगाऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. शिकलेला माणूस अंगठा उठवू लागला की ते तोंडावर विचारत, "लाज वाटत न्हाई?"

पुढं कंपवातानं त्यांचाच हात थरथरू लागला. एका गोळीनं थरथर थांबली, पण तिच्यामुळं हृदयाची झडप नासली. असे रोगी गावोगाव निघाले, तेव्हा कुठं कंपनीनं गोळी बाजारातून परत मागवली. गोळी सुटली तसा रंभाजींचा हात पुन्हा थरथरू लागला. त्यांनी भरपाईचा दावा ठोकला.

कंपनीचा वकील घरी आला. अंगाला अत्तर, बोलण्यात साखर. "काका, दाव्याच्या कागदावरची ही वाकडी सही जुन्या सहीशी जुळत नाही. अंगठाच द्या ना!"

रंभाजींनी त्याच्याकडं चिलटाकडं बघावं तसं बघितलं. पुराव्यासाठी जपलेल्या पाकिटातली एक गोळी काढून त्याच्यासमोर गिळली. "बसा तासभर."

तासाभरानं मोत्यासारखी सही उमटली.

वकील हसला. "हात तर ठणठणीत आहे की! मग तक्रार कसली?"

रंभाजींनी सदऱ्याची बटणं सोडली. "हाताचं बघितलं न्हवं? आता बसा आनखी तासभर. काळजाचं बी बघूनच जा."