तुऱ्याखाली काय लिहायचं

विट्याच्या स्टँडबाहेर हैदराबादची ट्रॅव्हल्स उभी होती. क्लीनर माझ्या हातातल्या लांबलचक बोचक्याकडं बघून म्हणाला, "ताई, खराटा न्ह्यायचा असंल तर टपावर टाका. आत न्हाई जमणार." बोचकं आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं होतं आणि आत खराटा नव्हता, उसाचे तुरे होते. माझे वडील, आबा, थोड्या अंतरावर पाठ करून उभे होते. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावापासून त्यांनी मला मोटारसायकलवर आणलं होतं. गाडी हलली तेव्हा मी काचेवर थाप मारली. त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.

भांडण सकाळी रानात झालं होतं. चुलतभावाच्या लग्नासाठी मी मार्गशीर्षात गावी गेले होते. लग्न उरकलं आणि निघायच्या दिवशी कोवळ्या उन्हात आमच्या उसाचा सगळा फड रुपेरी दिसत होता, कडेला थोडासा जांभळा. प्रत्येक उसाच्या शेंड्याला तुरा होता. शहरातल्या माणसाला दाखवला तर तो फोटो काढत सुटेल. गावातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: तुरा आला म्हणजे उसाची वाढ संपली. त्यानंतरही तो उभा राहिला तर आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं. वेळेवर तोडणारी टोळी आली तर ही वेळ येत नाही. आमच्या रानात ती आली नव्हती. कारखान्यानं पाळी डावलली होती. का डावलली, तर आबांनी कारखान्याच्या विरोधात पत्रक काढलं होतं म्हणून. निदान आबांचं म्हणणं तसं होतं आणि मला ते खरं वाटतं.

मी विळा घेऊन तुरे कापायला लागले तसे आबा बांधावरून ओरडले, "काय करतीस गं ते?"

"शाळेत न्हेते. पोरांस्नी चित्र काढायला."

"तुरा म्हंजी आपल्या रानाची नामुष्की हाय. ती बांधून न्हेणार, आन हैदराबादला दावणार?"

"आवं आबा, दिसतंय तरी किती चांगलं, बघा की एकदा!"

"दिसायला काय, सरणबी लांबनं झगमगतंय."

तरी मी तुरे कापले. आईनं लुगडं आणून दिलं, बांधताना पुटपुटली, "दोगंबी एका मातीचं. एक ऐकंल तर शपथ."

मी पत्रकांवर वाढले. आबा शेती करायचे आणि पत्रकं लिहायचे, पाण्यासाठी, भावासाठी, हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध. कडेगावच्या छापखान्यातून गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे घरी यायचे आणि बाजाराच्या दिवशी मी ते वाटायला जायचे. पत्रक घेणारा माणूस वाचतोय का, की वडापाव गुंडाळतोय, हे मी लांबून बघत राहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी चित्रं काढली. घरात दुसरा कागद आणायची गरजच नव्हती. पुढं चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली तेव्हा आबा लोकांना सांगायचे, "पोरगी माझं पाठीमागचं पान भरती."

पदविका घेऊन मी घरी बसले. आमच्या भागातल्या शाळांत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा निघेना. जिथं निघायची तिथं ती आधीच कुणाच्या तरी भाच्याची असायची. मामा हैदराबादला गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं हे काम आमच्याकडची माणसं देशभर करतात, प्रत्येक मोठ्या शहराच्या सराफ बाजारात विट्याकडचं एखादं तरी घर सापडतं. खाली भट्टी, वर संसार. मामांनी तिथल्या एका खासगी शाळेत ओळख काढून दिली आणि मी प्राथमिकच्या मुलांची 'आर्ट मिस' झाले. बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, मुलांची तेलुगू, मामांच्या घरात आमची बोली. रात्री झोपताना मी कुठल्या भाषेत विचार करत होते ते सकाळी आठवायचं नाही.

शाळेत एक पाठमाला होती, 'थोर चित्रकार आणि निसर्ग'. ऐकायला किती छान. प्रत्यक्षात छापील कागद यायचे, त्यावर सूर्यफुलांच्या रेषा आखलेल्या, आत रंगांचे आकडे. एक म्हणजे पिवळा, दोन म्हणजे हिरवा. सूर्यफुलं रंगवणाऱ्या त्या डच माणसानं जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, आणि त्याच्या नावावर आम्ही सात-आठ वर्षांच्या पोरांना सांगायचं, रेषेबाहेर जाऊ नका! वर्गातली सगळी सूर्यफुलं एकसारखी झाली की ती भिंतीवर लागायची आणि पालक खूश व्हायचे. मला संताप यायचा. गावी सूर्यफूल पिकलं की मान खाली घालून उभं राहतं, पोपट त्यावर तुटून पडतात. ते सूर्यफूल या कागदावर कुठं होतं?

मग गवताच्या गंजी रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकाराचा धडा आला. त्यानं तीच गंजी सकाळी रंगवली, उन्हात रंगवली, बर्फात रंगवली. मी ठरवलं, छापील कागद कपाटात ठेवायचे. म्हणून ते तुरे.

बादलीत वाळू भरून तुरे खिडकीत उभे केले. सकाळी काढा, डबा खाल्ल्यावर परत काढा, एवढंच सांगितलं. वर्गात दंगा उसळला. तुरा पांढरा, कागद पांढरा, तर दिसणार कसा? कुणी खडूनं घासलं, कुणी कापूस मागितला. एकानं रागानं विचारलं, "मिस, इसका नंबर कौनसा?" मी म्हणाले, याला नंबर नाही. बिचारा रडकुंडीला आला. तुऱ्याची गोष्ट मी त्यांना सांगितली: माझ्या वडिलांच्या शेतातला ऊस आहे, त्याला न्यायला कुणी आलं नाही, उभा राहून राहून त्याला हे आलं.

तिसरीतल्या सहस्रानं तुरा रंगवलाच नाही. तिनं भोवतीचं आभाळ जांभळं करत आणलं आणि कागद कोरा सोडला, तोच तुरा झाला. शिवाय बादलीतले तुरे सरळ उभे असताना तिचे सगळे एका बाजूला वाकलेले. वारं छान दाखवलंस, असं मी तिला म्हणाले. ती आभाळ घासत राहिली.

प्रिन्सिपल मॅडमना चित्र फार आवडलं. वार्षिक प्रदर्शनात दारासमोर लावू म्हणाल्या, खाली 'ब्यूटी ऑफ व्हिलेज लाइफ' लिहा. आबांचं सरणाचं वाक्य माझ्या डोक्यात वाजायला लागलं. मी म्हटलं, मॅडम, हे सौंदर्य नाही, हे नुकसान आहे. खाली लिहायचं तर 'वेळेवर न तोडल्यामुळे वाया चाललेला ऊस' असं लिहू, नाहीतर चित्र लावू नका.

"मिस, ये बच्चों की प्रदर्शनी है, मोर्चा नहीं," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण पुढच्या वर्षीच्या नेमणुका अजून व्हायच्या आहेत, हेही त्याच हसण्यात सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी मी तावातावानं चित्राचा फोटो आईच्या मोबाईलवर पाठवला. आबांशी मी विट्यापासून बोलले नव्हते. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला.

"चित्र लय जोरात हाय. धाडून दे. पत्रकावर छापतो. खाली लिवतो, 'कारखान्यानं केलेला खून, डोळं उघडून बघा!' शब्द वाचत न्हाईत लोकं, चित्र बघतील."

मला आनंद व्हायला हवा होता. ज्या तुऱ्याची लाज वाटत होती तो ते आता गावभर वाटायला निघाले होते. पण आनंद झाला नाही. मॅडमना त्या चित्रातून ऊस पुसायचा होता, आबांना त्यावर आरोळी ठोकायची होती, आणि मीही सकाळी तेच करून आले होते. तिघांपैकी एकानंही चित्र काढणारीला विचारलं नव्हतं.

"आबा, ते तिसरीतल्या पोरीचं चित्र हाय. तिला इचारल्याबिगार मी देणार न्हाई."

"आठ वर्साच्या पोरीला काय इचारतीस?"

"तुमीच शिकवलंय. ज्याचं हाय त्येला इचारायचं. तुमच्याच पत्रकात हुतं."

"इचार बाई, इचार," आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी सहस्राला चित्रासमोर उभं केलं. खाली काय लिहायचं, वाऱ्यातला ऊस? ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मलाच चित्र समजत नाही.

"हवा नक्को मिस. वो लोगां रस्ता देख रे. लेने कू कब आते बोलके."

वाकलेले नव्हतेच ते. माना वळवून रस्त्याकडं बघत होते, न्यायला कधी येतात म्हणून.

मी तिचं वाक्य जसंच्या तसं पट्टीवर लिहिलं. मॅडमनी वाचलं, "सो स्वीट" म्हणाल्या आणि दारासमोर लावलं. एक शब्द काढला नाही, एक घातला नाही, तेवढ्यावर मी भांडण थांबवलं. नेमणुकीचं अजून कळलेलं नाही. सहस्रा हो म्हणाल्यावर आबांना चित्र धाडलं, वाक्याचा अर्थ सांगितला. "खुनाचं र्‍हाऊ दे मग," एवढंच म्हणाले. पत्रकावर चित्र, चित्राखाली पोरीची ओळ मराठीत, बाकी काही नाही. ही त्यांची सगळ्यात छोटी पत्रकबाजी. बाजारात लोक पत्रक वाचून हसले नाहीत म्हणे, घडी करून खिशात ठेवत होते.

आमचा ऊस गेला, पण माघात, निम्मा पोकळ होऊन. पत्रकामुळं गेला असं मी म्हणणार नाही, पाळी कधीतरी येणारच होती. त्या रात्री आबांचा फोन आला. रान मोकळं झालंय, म्हणाले, लांबपर्यंत दिसतंय. मग, "कवा येतीस?"

"बघते आबा. रजा मिळाली की कळवते."

"व्हय," आबा हसले. "कारखान्याचा माणूसबी ह्येच म्हणत हुता."

फोन ठेवून मी बसून राहिले. खाली मामांची भट्टी विझत होती. लोकांना ताटकळत ठेवणाऱ्यांविरुद्ध मी लहानपणापासून पत्रकं वाटत आले, आणि माझ्या तोंडातलं वाक्य त्यांचंच निघालं. इथं आलेल्या माझ्यासारख्यांनो, तुम्हीही हेच बोलता, मला माहीत आहे. मागं राहिलेल्यांनो, तुम्ही ते दर वेळी ऐकून घेता, हेही माहीत आहे. घर म्हणजे काय, यावर पूर्वी मी पानंच्या पानं लिहिली असती. आता एवढंच कळतं की ज्यांना तारीख सांगायला मी बांधील आहे ती माणसं म्हणजे घर, आणि 'बघते' ही तारीख नव्हे. उद्या शाळेत गेल्यावर आधी रजा मागणार. मिळाली नाही तर भांडणार. पण तारीख सांगायला फोन आजच लावते, आबा झोपायच्या आत.