अक्कांची बाळंतपणाची कवायत

माझ्या थोरल्या नणंदेनं लग्न केलं नव्हतं, मुलाबाळांचा प्रश्नच नव्हता; पण बाळंतपण या विषयात अख्ख्या हुबळी-धारवाडात त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नव्हता. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं, आणि अक्कांचं एकदा मत झालं की ते बदलायला खुद्द ब्रह्मदेव आला असता तर त्यालाही त्यांनी आधी उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं असतं. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका मुलींच्या शाळेत त्या कवायतीच्या बाई होत्या. सुती पांढरं लुगडं, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिट्टी. बावीस वर्षांत त्यांनी एक दिवस रजा घेतली नव्हती. कधी कामाला धारवाडला गेल्या आणि हुबळीला परतताना बस चुकली, तर पुढच्या बसची वाट बघत उभं राहणं त्यांना अपमानास्पद वाटे. त्या सरळ चालू लागत आणि नवलूरच्या आसपास मागून आलेल्या बसला हात दाखवत. केशवापुरातल्या आमच्या भाड्याच्या घरात त्या, आमचे हे, मी आणि आमचा चार वर्षांचा मुलगा असे चौघं राहायचो. चौघांचं उठणं, दात घासणं, जेवणं सगळं शिट्टीवर.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पहिलं बाळंतपण माहेरी, बेळगावला झालेलं. दुसरं सासरी करायची आमच्याकडची रीत. एका दुपारी जोंधळे निवडता निवडता मी अक्कांना बोलून गेले. पहिल्या वेळी मी इतकी घाबरले होते, इतकी ओरडले होते, की मला गुंगीचं इंजेक्शन दिलं. जाग आली तेव्हा मुलगा धुऊनपुसून झोपलेला. त्याचं पहिलं रडणं माझ्या आईनं ऐकलं, दवाखान्यातल्या आयाबायांनी ऐकलं, दारातल्या टांगेवाल्यानंसुद्धा ऐकलं म्हणे. एकट्या मी ऐकलं नाही. "या वेळी मला ऐकायचंय हो अक्का," म्हणाले आणि ताटातल्या जोंधळ्यांवर टपटप आसवं पडली.  अक्कांनी जोंधळे तेवढे पुढच्या खड्यापर्यंत निवडले आणि उठून गेल्या.

पुढच्याच रविवारी त्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आल्या. औषधाशिवाय, शुद्धीवर राहून बाळंत कसं व्हावं याचं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते आठ दिवसांत वाचलं आणि सवयीनं तांबड्या पेन्सिलीनं तपासलंही. समासात लेखकाला शेरे होते: "बरोबर." "हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं." "अक्षर लहान." शेवटच्या पानावर दहापैकी सात गुण. मग त्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाई समंजस. म्हणाल्या, "सगळं नीट असेल तर मी काही देणार नाही. पण गरज पडली तर देणार, आणि तेव्हा शिट्टी वाजवायची नाही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझी कवायत सुरू. पहाटे चालणं, मग उकिडवं बसून फरशी पुसणं, मग चटईवर आडवं होऊन एकेक अवयव सैल सोडणं. "कपाळ सोड! जबडा सोड! दात कशाला आवळतेस, ऊस खायचाय का?" श्वासाचं मोजमाप मात्र कन्नडमध्ये, कारण शाळेत त्या कन्नडमध्येच मोजायच्या. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु… उसिर बिडु!" म्हणजे श्वास सोड. कळ कधीही येऊ शकते, म्हणून परीक्षाही कधीही. मी आमटीला फोडणी देत असले की मागून शिट्टी वाजे आणि "कळ!" अशी आरोळी. मी झारा टाकून खांदे सैल करी. मोहरी करपली तरी हरकत नव्हती, जबडा सैल राहिला पाहिजे. आमचे हे बिचारे एकदा म्हणाले, "अक्का, निदान जेवताना तरी…" तर त्यांनाच भिंतीला टेकवून दहा श्वास घ्यायला लावले. "बापालाही यायला पाहिजे," म्हणाल्या.

शहर बसमधली परीक्षा तर मी जन्मात विसरणार नाही. आठवा लागला होता. बस गच्च भरलेली. अक्कांनी मध्येच शिट्टी फुंकली. आता बसमध्ये एक शिट्टी म्हणजे थांबा, हे हुबळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं; अक्कांना तेवढंच सुचलं नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. कंडक्टर चिडून "यारु? कोणी शिट्टी मारली?" करत आला तोवर अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "कळ आलीय!" कंडक्टरनं माझं पोट बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं आणि दोन शिट्ट्या मारल्या. बसनं वाट सोडली ती थेट दवाखान्याच्या फाटकात. "अहो, खरी नव्हे, सरावाची आहे!" असं अक्का कन्नडमध्ये, मराठीत, शेवटी हिंदीतही ओरडत होत्या, पण ऐकतो कोण! एका म्हातारबानं आपला फेटा काढून माझ्या डोक्याखाली दिला. चाळीस माणसांनी मिळून मला उतरवलं. अक्कांनी लुगडं नीट केलं आणि म्हणाल्या, "आलोच आहोत तर वजन करून घेऊ."

डोहाळजेवणाला आलेल्या बायकांचीही सुटका झाली नाही. हिरव्या बांगड्या भरून होतात न होतात तोच अक्कांनी सगळ्यांच्या दोन रांगा केल्या आणि श्वास शिकवायला घेतला. शेजारच्या अज्जींना आठ मुलं, त्यातली दोन शेताच्या बांधावर झालेली. अक्कांनी वही उघडून त्यांना अगदी आदरानं विचारलं, "अज्जी, त्या वेळी तुम्ही श्वास कसा घ्यायचात?" अज्जी म्हणाल्या, "नाकानं. तुम्ही कशानं घेता?" बायका हसून हसून लोळल्या. अक्कांनी मात्र तारीख घालून ते वहीत उतरवून घेतलं.

आणि मग एका मंगळवारी सकाळी खरी कळ आली. अक्का शाळेला निघाल्या होत्या. मी दाराला धरून उभी राहिलेली बघून त्यांनी बूट बांधता बांधता विचारलं, "सरावाची की खरी?" मी म्हटलं, "खरी." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, आणि तोही पेन्सिलीनं, उलट्या कागदावर. रिक्षातून दवाखाना. पण प्रसूतीच्या खोलीत नातलगांना मज्जाव. अक्कांनी पुस्तकाचं पान काढून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, आटोपलं! आता माझं एकटीचं काय होणार? तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "ओंदु! एरडु!" मैदानावर दोनशे मुलींना पुरणारा तो आवाज, त्यापुढे ते दार म्हणजे किस झाड की पत्ती. मी श्वासाची लय धरली. शेजारच्या खाटेवर नवलगुंदकडची एक बाई मघापासून "यव्वा, यव्वा" करत आईला हाका मारत होती. तीही मोजायला लागली. पलीकडची तिसरीही लागली. आया म्हणाली, "ही काय शाळा भरली बाई!" दोन तास असे गेले. मग मात्र कळांवर कळा येऊ लागल्या आणि माझा धीर सुटला. सगळी कवायत विसरले. "नको, मला झोपवा, द्या ते इंजेक्शन," मी रडून म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "हवं असेल तर देते. पण अगदी थोडं राहिलंय. बघ." आणि तेवढ्यात बाहेरून, जणू भिंतीतून दिसत असावं तसं, "जबडा सोड गं! उसिर बिडु!" मी जबडा सोडला. डॉक्टरीणबाईंना मानेनंच नको म्हटलं.

आणि मी ऐकलं. गंजलेला रहाट ओढावा तसं, तुटकतुटक, रागावलेलं. मुलगी होती. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही, पण एवढा गोड बेसूर आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बाहेर मात्र "मूरु, नाल्कु" चालूच! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, त्या बाईंना कुणी तरी सांगा, झालं म्हणून." आया बाहेर गेली. अक्का भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून, दोन्ही कानांत बोटं खुपसून मोजत होत्या. खांदा धरून हलवावं लागलं.

दुपारी त्या खाटेपाशी आल्या. मुलगी झोपली होती. तिच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं. "तुम्ही तर दाराशीच होतात, तुम्हीही ऐकलं असेल."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुझं कण्हणं मला ऐकवेना गं. जीव थाऱ्यावर नव्हता. कानात बोटं घातली होती." मग थोडं थांबून, "कसं रडली?"

जिनं मला महिनोन्महिने 'भ्यायचं नाही' म्हणून शिकवलं ती बाई माझ्याहून जास्त भ्यायलेली होती.  मी घसा साफ केला आणि तस्संच रडून दाखवलं. पलीकडची बाई दचकून आपलं मूल चाचपायला लागली. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पुन्हा एकदा." मी पुन्हा रडले.

पुढे दर वाढदिवसाला ओवाळून झालं की अक्का म्हणत, "हं, दाखव रडून." लेक मोठी झाली, लाजून म्हणायची, "आत्या, पुरे आता!" पण माझी सुटका नसे. अक्का गेल्या त्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला ओवाळून झालं, दिवा देवापुढे ठेवला, सगळे पानांवर बसले. मी एकटीच तिथे उभी राहिले, घसा साफ करून.