सायलेन्सरचा बोल्ट आणि बाबांचा आवाज

भूत-बित, भास-बिस यावर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या देऊळघाटात कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून चालता होतो. म्हणून तर हे लिहायला चार महिने लागले... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

बाबांची इथे पिठाची गिरणी होती. मोटार जळो नाहीतर पट्टा तुटो, मेकॅनिकला त्यांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. आमची जुनी स्कूटरही त्यांच्याच हातची. मी मास्तर. मी पाना उचलला की म्हणायचे, तू आपला खडूच धर.

मागच्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सहा महिने एक शब्द नाही. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, जेवणही अर्धंमुर्धं. फक्त स्कूटरवर मागे बसवून, ओढणीने माझ्या कमरेला बांधून धाड गावच्या रस्त्याने एक चक्कर मारली की चेहरा खुलायचा.

अशात सायलेन्सर फुटला. बाबांची स्कूटर परक्याच्या हाती द्यायचं काही मनाला पटेना. नवा सायलेन्सर आणून रविवारी सकाळी मीच अंगणात बसलो. एक बोल्ट सुटला, दुसरा गंजून जाम. जोर लावला आणि कट्‌... डोकं तुटून हातात! अर्ध्या बोटाएवढा तुकडा तेवढा बाहेर उरला. गंज सुटावा म्हणून डिझेल सोडलं, ठोकून पाहिलं, पकडीने धरून घामाघूम झालो — ढिम्म हलेना. हाही आत मोडला असता तर इंजिनच खोलावं लागलं असतं, आणि चकरा बंद. मग बाबांना उठवायचं कशाने? खोटं कशाला बोलू, रडायचाच बाकी होतो.

शेवटचं म्हणून पकड आवळली, सगळी ताकद लावणार... तेवढ्यात अगदी कानामागून आवाज आला.

"जोर नको लावू बे. पयले टाइट कर, मंग सोड."

बाबांचा आवाज. आजारपणाआधीचा, खणखणीत. वळून पाहिलं तर अंगणात कुणी नाही. विचार न करता मी बोल्ट किंचित टाइट बाजूला फिरवला. कुर्रर्र झालं. मग उलटा. पुन्हा टाइट, पुन्हा सैल... आणि निघाला की हो पठ्ठ्या!

तसाच आत धावलो. माझी बायको सुनीता बाबांना शिरा भरवत होती. बाबा बोलले का, मी विचारलं. तिचा चमचा हातातच राहिला.

"त्यायच्या तोंडात तं घास हाये," ती म्हणाली. "मले वाटलं अंगणात कोनी आलं, तुमाले बे म्हणून राह्यलं."

म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मी तो तुकडा बाबांच्या डाव्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्याने त्याचे आटे चाचपले आणि खिशात टाकला.

संध्याकाळी नवा सायलेन्सर बसवून आम्ही धाडच्या रस्त्याने जाऊन आलो. पुढे डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले थकवा असेल, मनाचे खेळ. पण दोघांच्या मनाने एकाच वेळी एकच खेळ कसा खेळला? बाबा अजून बोलत नाहीत.

त्यानंतर दोनदा मी मुद्दाम चुकीचा पाना घेऊन अंगणात बसलो. बराच वेळ बसलो... कुणी रागावलं नाही.