धुऱ्यावरची गारगोटी

माझा मेहुणा स्वतःला दगडांचा मोठा जाणकार समजतो. स्फटिक खोदायला म्हणून त्याने मला पातूरकडच्या ओळखीच्या शेतात नेलं. सकाळभर सब्बल मारली मी. नवी टोपी घातलेला हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दगडांच्या ढिगावर बसून मला अक्कल शिकवत राहिला. निघाली नुसती माती.

भाकर घेऊन आलेली शेतमालकीण आम्हाला बघून हसायलाच लागली. "काहून खोदून राहिले भाऊ? चमकणारे गोटे वखराले आडवे येतात, म्हून आमी येचून धुऱ्यावर फेकतो. हे पाहुणे त्याच्यावरच तं बसले हायेत!"

आता जठारपेठेत त्याच्या कपाटात, काचेमागे, तिथलीच एक गारगोटी मिरवते. खाली पाटी आहे, 'स्वतः शोधून काढलेली'.

कशाने शोधली, ते मला विचारा.