चुन्याची रेघ

कचरूभाऊंना मी ओळखत होते, याचे कारण असे की जुन्या जालन्यात त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षे मातीच्या पाट्या वाहिल्या. ते घरांचे पाये खोदीत. तेव्हा निजामाचे राज्य होते आणि आम्हा दोघांनाही अक्षर येत नव्हते. मला ते साठाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात आले. म्हणून त्यांची हकिकत मी लिहीत आहे.

आमच्या कामाची एक रीत होती. गवंडी दोरी ताणून जमिनीवर चुना टाकी आणि चुना पडेल तिथेच खोदायचे. चुना नसेल तिथे कचरूभाऊ कुदळ टेकवीतसुद्धा नसत. एकदा रेघ वाकडी वाटली, तेव्हा गवंडी येऊन ती सुधारीपर्यंत ते अर्धा दिवस बसून राहिले होते.

एके वर्षी दिवाळीनंतर बद्रीनाथ शेठ यांच्या कोठाराचे काम निघाले. जागेला लागूनच कापसाची सरकी काढणारा कारखाना होता. गवंड्याने आदल्या दिवशी सांगितले होते, "सकाळी चुना पडलेला असंल, तुम्ही सुरू करा." सकाळी आम्ही गेलो, तर चुन्याची सरळ रेघ होती. गवंडी आलेला नव्हता. कचरूभाऊंनी भूमीला हात लावून नमस्कार केला आणि खोदण्यास आरंभ केला.

कमरेइतके खोल गेल्यावर कुदळीला काहीतरी चिवट लागले.

"लिंबाचं मूळ दिसतंय," ते म्हणाले. "काळं है."

मी म्हणाले, "इथं लिंब कुठाय भाऊ? तुमच्या सासरवाडीहून आलं का काय?"

"आलं असंल. ते लोक कुठंबी घुसतेत."

आम्ही हसलो. त्यांनी दोन घाव घातले. मूळ तुटले.

ते मूळ नव्हते. इंजिनघरातून कारखान्यात वीज नेणारी ती तार होती. इंजिन त्या वेळी बंद होते, म्हणून कचरूभाऊ वाचले. थोड्या वेळाने इंजिन सुरू झाले, परंतु कारखाना चालेना. कारखान्याचा मुनशी धावत आला आणि रेघेकडे बोट दाखवून म्हणाला, "ही निशाणी मी कालच केली. खाली तार है म्हणून. दिसली न्हाई का तुला?"

त्याची रेघ खोदू नका असे सांगणारी होती. आमच्या रीतीत तिचा अर्थ खोदा असा होता. गवंड्याने चुना टाकलाच नव्हता. तो नऊ वाजता आला.

बद्रीनाथ शेठ म्हणाले की जागा दाखविणे एवढेच त्यांचे काम, कुदळ कोठे मारावी हे खोदणाऱ्याने पाहावे. गवंडी दोरी गुंडाळून निघून गेला. दावा एकट्या कचरूभाऊंवर झाला.

अदालतीत मी भिंतीशी उभी होते. कामकाज उर्दूत चालले होते. न्यायाधीशापुढे कागद ठेवणाऱ्या पेशकाराने त्यांना मराठीत विचारले.

"निशाणी दिसली होती का?"

"हो जी. बराबर दिसली."

"आणि त्यावरच खोदलं?"

"त्याच्यावरच. बोटभरबी इकडंतिकडं न्हाई. मालक, आमच्यात चुना म्हंजे..."

"बस. जेवढं विचारलं तेवढंच."

लिहिलेल्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला गेला. भरपाई देणे त्यांच्या शक्तीबाहेर होते, म्हणून तीन महिन्यांची कैद झाली. कुदळ आणि पहार जप्त झाली. साक्षीला मला कोणी बोलाविले नाही. पाट्या वाहणाऱ्या बायांची नावे कोठे लिहिलेलीच नव्हती.

सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा पाया खोदला नाही. लोक बोलावीत, तेव्हा ते जागेपर्यंत जात, चुन्याकडे पाहत आणि परत येत. पुढे ते राजूरला मुलीकडे गेले आणि तेथेच वारले.

शिपाई त्यांना नेत होता, तेव्हा अदालतीच्या पायरीवर ते माझ्याजवळ थांबले होते. म्हणाले, "साळूबाई, तू तिथं होतीस. कोणी इचारलं तर एवढं सांग, की चुना पडला म्हणून खंदलं."